ड्रमवर मी होते

सोमवार, ३ मार्च २०१४

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, तेव्हा रोज वही भरावी लागायची. कुठलं मूल चढलं, कुठलं राहिलं, ब्रेक कसे आहेत. निवृत्त झाले आणि वहीची सवय सुटली. आज दुकानातून मुद्दाम नवी आणली. जे डोक्यात आहे ते कुणाजवळ बोलले, तर तोंडून शिव्याच जातील, आणि रविवारी मला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं असतं.

माझ्या भावावर सिनेमा निघतोय. रोस्को टॉलिव्हर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, पण अजूनही अलाबामात कुठल्याही लग्नात त्याचं गाणं लागलं नाही तर लोक चुकचुकतात. चित्रीकरण इथेच, आमच्या गावात होणार म्हणून सगळे हवेत आहेत.

आज पटकथा घरी आली. कारण तिच्यात मी आहे. पान नऊवर मी कोंबडी तळते. पान एकतीसवर स्वयंपाकघरात रडते. पान अठ्ठावन्नवर रोस्कोच्या गाडीला रुमाल हलवते. संपले मी.

आणि ड्रमवर कोण? बडी सिम्स. मिशावाला, विनोदी, रोस्कोचा जिवलग मित्र.

रोस्कोच्या पहिल्या पाचही रेकॉर्डवर ड्रम मी वाजवलेत. चौसष्ट ते अडुसष्ट. मी, अल्थिया टॉलिव्हर. पटकथेवर हेच लाल पेनाने लिहून परत पाठवलं. सही मागितली होती, ती केली नाही.

गुरुवार, ६ मार्च

दिग्दर्शक स्वतः आला. इमॅन्युएल प्राइस. लॉस एंजेलिसचा, चाळिशीचा, बूट इतके स्वच्छ की अंगणातला चिखल त्याला ओलांडवेना.

"मिस अल्थिया, तुमच्या सहीशिवाय तुम्हाला सिनेमात दाखवता येत नाही. तुम्ही हयात आहात ना."

"मेले असते तर सोपं गेलं असतं."

तो हसला. मी हसत नाहीये हे दिसल्यावर थांबला.

म्हणाला, "पाचही कव्हरवर ड्रमवादक म्हणून बी. सिम्स छापलंय. चार महिने आम्ही त्याचे नातेवाईक शोधत होतो."

"सापडले?"

"नाही."

"सापडायचे कसे? तो जन्मालाच आला नाही. आणि तुम्ही त्याला मिशा दिल्यात, मैत्रीण दिलीत, मला मात्र झारा दिलात."

मग मी नीट सांगितलं. बाई ड्रम वाजवते म्हटल्यावर दुकानदार रेकॉर्ड ठेवणार नाहीत, असं कंपनीवाले रोस्कोला म्हणाले. त्यांनीच खोटं नाव घातलं. रोस्कोने मला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"बरं. पण अडुसष्टच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला टीव्हीवर पहिला मोठा कार्यक्रम झाला, त्यात ड्रमवर एक गोरा माणूस दिसतो. तुम्ही का गेला नाहीत?"

"आईला न्यूमोनिया झाला होता. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. मी थांबले. पुढे थांबलेच."

त्याने लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "पटकथेत हेच आहे की. बहिणीचा त्याग."

त्याग हा शब्द ऐकला की माझे दात शिवशिवतात.

मंगळवार, ११ मार्च

सिनेमात रोस्कोचं काम करणारा मुलगा रोज येतो. टेरेल बँक्स, डेट्रॉइटचा. सव्वीस वर्षांचा, लांब हातांचा, आणि जेवायला बसला की बोलणं विसरतो. मला तो आवडतो. रोस्को कसा चालायचा, कसा हसायचा, सगळं विचारतो.

"आणि खोटं कसं बोलायचे?" आज त्याने विचारलं.

"असं विचारतात का?"

"नटाला तेच आधी लागतं, मिस अल्थिया."

मला हसू आलं. सांगितलं की आईशी खोटं बोलायचा तेव्हा त्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा, मधात बुडवल्यासारखा. आई म्हणायची, "रोस्को गोड बोलायला लागला, पाकीट तपासा."

टेरेलने तो आवाज लगेच काढून दाखवला. माझ्या अंगावर काटा आला. चांगला नट आहे पोरगा.

शनिवार, १५ मार्च

टेरेलला हाकलून दिलं.

जेवताना त्याने बीन्सचं कौतुक केलं. मी म्हटलं, हे काहीच नाही, आईच्या हातचे खायला हवे होतेस. अडुसष्ट साली मळ्यात इतके बीन्स आले की सप्टेंबरात एका आठवड्यात आईने एकटीने चाळीस बरण्या भरल्या. उकळत्या पाण्याचं पातेलं एकटी उचलायची.

टेरेलने काटा खाली ठेवला. "सप्टेंबरात? पण न्यूमोनिया..."

"काय न्यूमोनिया?"

"काही नाही. म्हणजे, दोन्ही एकाच महिन्यात..."

"ताटली ठेव आणि चालायला लाग."

कालची पोरं आम्हाला आमच्याच घरातली दुखणी शिकवणार. बायका आजारपणातही कामं करतात, हे त्याला काय माहीत.

रविवार, १६ मार्च

चर्चबाहेर क्लॉडेटने गाठलं. आम्ही दोघी पहिलीपासून एका वर्गात होतो. तिला गर्दीच्या प्रसंगात उभं राहायला मिळणार आहे, टोपी घालून.

"थिया, सही करून टाक गं. अख्खं गाव तुझ्यावर अडलंय."

"गाव नाही, तुझी टोपी अडलीये."

"मग? पिवळी आहे. पिसं आहेत तिला. आणि कोंबडी तळताना दाखवलं तर तुझं काय झडतंय? तुझी कोंबडी चांगलीच असते."

"मी ड्रम वाजवत होते, क्लॉडेट. तू ऐकलेस."

"ऐकले ना. आमच्या खिडक्या हलायच्या." मग हळू: "तू ते सोडलंस तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं. कधी बोलले नाही. तुझ्या चेहऱ्याकडे बघून कुणाचीच छाती झाली नाही."

मी सोडलं नव्हतं, म्हणणार होते. तेवढ्यात पाद्रीबुवा आले.

गुरुवार, २७ मार्च

आज स्टुडिओत बोलावलं होतं. सिनेमासाठी गाणी नव्याने रेकॉर्ड करताहेत. नॅशव्हिलहून आणलेला ड्रमवाला दोन दिवस झटतोय आणि ठेका बसत नाही. संगीताचं काम बघणारा ग्रेगरी नावाचा माणूस म्हणाला, जरा ऐकून सांगा काय चुकतंय.

काचेआडून ऐकलं. मुलगा हुशार आहे, हात स्वच्छ. पण तो मोजतो. आमच्या गाण्यांत दुसरा ठोका मोजून टाकायचा नसतो. तो उशिरा पडतो. उंबऱ्यावर उभा राहिलेला पाहुणा आत यावं की नाही असा घुटमळतो, तेवढाच उशीर. मी तो लहानपणी चरबीच्या रिकाम्या डब्यांवर शिकले, मागच्या अंगणात. चर्चमध्ये मुलींना ड्रमला हात लावू देत नसत म्हणून.

"सांगून येणार नाही," मी म्हटलं. "सरक."

सेहेचाळीस वर्षांत मी काठ्या हातात धरल्या नव्हत्या. पहिल्या मिनिटाला मनगटं बोंबलली. दुसऱ्या मिनिटाला गिटारवाला माझ्याकडे वळला. मग सगळे वळले. गाणं संपलं. नॅशव्हिलच्या मुलाने टोपी काढली.

ग्रेगरी धावत आला. "हेच! मिस अल्थिया, पाचही गाणी तुम्हीच वाजवा. पडद्यावर बडी वाजवताना दिसेल, आवाज तुमचा. कुणाला कळणारही नाही!"

त्याला वाटलं तो मला काहीतरी देतोय.

मी म्हटलं, "एकदा झालंय हे माझं. आवाज माझा आणि नाव न जन्मलेल्या माणसाचं. हात हवे असतील तर नावासकट घ्या. नाहीतर या पोरालाच मोजू द्या."

आणि निघून आले. बोटं इतकी सुजलीत की पेन धरवत नाही. मजेत आहे मी.

बुधवार, २ एप्रिल

टेरेल आला. दारातच उभा राहिला, आत बोलावेपर्यंत हलला नाही. माफी मागितली. मी कॉर्नब्रेड पुढे केला. बराच वेळ खाल्ल्यावर म्हणाला, "एकच विचारतो. नंतर कधी विचारणार नाही. न्यूयॉर्कला गेले त्या दिवशी गाडी किती वाजता निघाली?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

म्हटलं आणि ऐकलं मी काय म्हटलं ते.  तो उरलेल्या कॉर्नब्रेडचा डबा घेऊन गेला.

तो गेल्यापासून इथेच बसून आहे. आता लिहून टाकते.

अडुसष्टच्या त्या सप्टेंबरात रोस्को मंगळवारी घरी आला होता. मला म्हणाला, "थिया, न्यूयॉर्कला गुरुवारी निघायचं. सकाळी सहाला गाडी येईल. झोप नीट काढ." मऊ आवाजात म्हणाला. मऊ आवाजात.

गुरुवारी सहाला मी पायऱ्यांवर बसले. नवा निळा ड्रेस, मांडीवर काठ्या. सात वाजले. आठ वाजले. आई मळ्यातून बीन्सची टोपली घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, आत गेली. अकराला पोस्टमन म्हणाला, "अगं, ते तर काल दुपारीच गेले. मी हात केला त्यांना."

आई धडधाकट होती. रात्री जेवताना तिनेच म्हटलं, "कुणी विचारलं तर मी आजारी होते म्हणून सांग." मी सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मला तिचा खोकलासुद्धा ऐकू यायला लागला.

पण दोष रोस्कोचा नाही. कंपनीने त्याला भाग पाडलं असणार. टीव्हीवाल्यांनी. त्याला एकट्याने काय करता येणार होतं.

मंगळवार, ८ एप्रिल

मेम्फिसला जाऊन आले, गाडी स्वतः चालवत. मॅक्सिनकडे. रोस्कोची बायको. गाण्यांचे हक्क तिच्याकडे. ती नाही म्हणाली तर गाणी नाहीत, आणि गाणी नाहीत तर सिनेमा नाही. तिच्याकडून ऐकायचं होतं की कंपनीतल्या कुणी हे करायला लावलं.

मॅक्सिन आता पंचाहत्तरची आहे. अजून ओठ रंगवून बसते. घरभर फोटोंतला रोस्को, भिंतीवर, पेटीवर, जिन्यात.

"कंपनी?" ती म्हणाली. "कंपनीला काय पडलं होतं, थिया? त्यांना तू हवी होतीस. बाई ड्रम वाजवते म्हटल्यावर टीव्हीवाले तर नाचत होते. म्हणे तिला पुढे बसवा."

मी पेटीवरच्या रोस्कोकडे बघितलं.

"बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आठवतो? दुसऱ्या दिवशी पेपरात आलं होतं. तुझ्यावर दोन रकाने. त्याच्यावर एक ओळ. त्याने सगळ्या गावातले पेपर विकत घेतले, तुझ्या हाती पडू नये म्हणून."

"आणि बी. सिम्स?"

मॅक्सिन खिडकीकडे बघायला लागली. "बार्नी सिम्स. मेम्फिसला त्याचे केस कापायचा तो न्हावी. कंपनीने फोनवर नाव विचारलं तेव्हा हा खुर्चीत बसला होता."

न्हावी. पाच रेकॉर्ड आणि एक न्हावी.

उठले तेव्हा मॅक्सिनने हात धरला. "हे सिनेमात येणार नाही. आलं तर एक गाणं देणार नाही मी. तो माझा नवरा आहे. सत्तावीस वर्षं त्याला सांभाळलाय."

"दिसतंय," मी म्हटलं. "हात दुखत नाहीत तुझे? एवढ्या मोठ्या माणसाला इतकी वर्षं उंच धरून?"

तिने हात सोडला. मी जिना उतरले. प्रत्येक पायरीवर तो हसत होता.

शुक्रवार, ११ एप्रिल

प्राइसला बोलावून सगळं सांगितलं. पायऱ्या, पोस्टमन, पेपर, न्हावी. तो वहीत लिहायचंसुद्धा विसरला.

"मिस अल्थिया, तुम्हाला ड्रमवर बसवलं की नंतर तुम्ही बँडमध्ये का राहिला नाहीत ते दाखवावं लागेल. मग तुमचा भाऊ छोटा दिसेल."

"त्या दिवशी तो छोटाच होता. बाकी पुष्कळ दिवस मोठा होता. दोन्ही दाखवा. लोकांना डोळे आहेत."

"मॅक्सिनबाई गाणी देणार नाहीत."

"मग बिनगाण्याचा काढा."

"आणि सिनेमाच बंद पडला तर? गावातल्या लोकांची कामं, हॉटेल..."

"मी त्या गावातच राहते, मिस्टर प्राइस. बस घेऊन रोज सकाळी त्याच लोकांच्या दारात उभी राहिले आहे. शिव्या देतील. देऊ देत. पण पुन्हा कोंबडी तळत रुमाल हलवणार नाही मी."

तो गेला. गावाला संध्याकाळपर्यंत कळलं. क्लॉडेटचा फोन आला. मला वाटलं टोपीवरून भांडेल. म्हणाली, "खिडक्या हलायच्या ते मी कोर्टातसुद्धा सांगेन." आणि फोन ठेवला.

सोमवार, २१ एप्रिल

दहा दिवस काही नाही. सिनेमावाल्यांचे ट्रक शाळेच्या मैदानात नुसते उभे. किराणा दुकानात एक बाई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. काल ईस्टर होता, तरी पहिल्या बाकावर मी एकटी.

आज मॅक्सिनचा फोन आला.

"थिया, दाखवू देत त्यांना. न्हावी, पेपर, सगळं. मी कळवलंय. पण एक प्रसंग आणखी घालायचा."

"कुठला?"



"सत्त्याऐंशीत, हॉस्पिटलात. शेवटचे नऊ दिवस. तो रोज विचारायचा, थियाला कळवलंस का. मी रोज हो म्हणायचे. म्हणायचे, तिला यायचं नाही. मी फोन केलाच नव्हता. तू आलीस तर तो तुझ्यापाशी सगळं कबूल करेल, मग माझा रोस्को राहणार नाही असं वाटलं."

मी फोन ठेवून दिला. मागच्या अंगणात गेले. तिथे उभी राहून ओरडले, शब्द नव्हते त्यात. शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला.

तो वाट बघत होता. नऊ दिवस. मला वाटत होतं त्याला माझी आठवणही आली नसेल, आणि मी मुद्दाम आले नाही असं समजत तो गेला.

दोघांनाही एकाच बाईने... नाही. हेही खरं नाही. त्या नऊ दिवसांचं मॅक्सिनने केलं. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत फोन त्याच्याकडेही होता. माझ्याकडेही होता.

गुरुवार, २२ मे

सही केली. बडी सिम्स गेला, मिशांसकट.

आज पायऱ्यांचा प्रसंग झाला, आमच्याच जुन्या घरासमोर. माझं काम करणारी मुलगी सिमोन, न्यू ऑर्लिन्सची. तीन आठवडे माझ्याकडे ड्रम शिकतेय. दुसरा ठोका बराचसा उशिरा टाकायला लागली आहे.

सकाळी प्राइसने नवीन पान हातात दिलं. त्यात रोस्को पायऱ्यांपाशी येतो आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणतो, "मी तुला नेऊ शकत नाही, थिया. मला माफ कर."

"हे कुणी लिहिलं?"

"समोरासमोर जास्त परिणाम होतो."

"होत असेल. पण हे बोलायचं धाडस त्याच्यात नव्हतं. जे धाडस त्याने केलं नाही ते तुम्ही त्याला फुकट देऊ नका."

प्राइस काही बोलणार, तोच टेरेल, रोस्कोच्या वेषातला, म्हणाला, "मीही नाही बोलणार हे वाक्य. मी गाडीत बसतो. रस्त्यावरून निघून जातो. बस्स."

मग तसंच झालं. पहिल्यांदा सिमोन रडली. प्राइसला आवडलं. मी उठले.

"मी रडले नव्हते."

सिमोनने विचारलं, "मग काय केलंत?"

"पोस्टमनला पाणी दिलं. उन्हातून आला होता. मग आत जाऊन ड्रेस बदलला आणि आईबरोबर बीन्स सोलले."

दुसऱ्यांदा ती रडली नाही. उठली, पाणी आणलं, पोस्टमनला दिलं. तो पिईपर्यंत उभी राहिली. रिकामा पेला घेतला आणि आत गेली. कॅमेऱ्यामागचा दांडगा माणूस डोळे पुसत होता. क्लॉडेट पिवळ्या टोपीत हमसून रडत होती, तिचं आज काम नव्हतं तरी.

मॅक्सिन मेम्फिसहून आली होती. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सगळं बघितलं. संपल्यावर तिला एकटीला हॉटेलात पाठवणं बरं दिसेना. घरी आणली. मासे तळले, कोबी शिजवला.

ताटावर बसल्यावर म्हणाली, "तू अजून रागावली आहेस."

"हो."

"जाईल का कधी?"

"माहीत नाही. मी अडुसष्ट वर्षांची, तू पंचाहत्तरची. वेळ थोडा आहे."

"मग जेवायला का आणलंस?"

"राग आहे म्हणून उपाशी ठेवू? कोबी घे."

तिने घेतला. नंतर भांडी तिने घासली, मी पुसली. रोस्कोचं नाव दोघींनी काढलं नाही. मग तिने काढलं. तो झोपेत कसा गायचा ते सांगून हसवलं मला. हसले मी. राग तिथेच होता.

ती बाहेरच्या खोलीत झोपली आहे. घोरते.

ग्रेगरीचा निरोप आहे. उद्या सकाळी नऊला स्टुडिओत पाचही गाण्यांचं रेकॉर्डिंग. ड्रम: अल्थिया टॉलिव्हर, असं कागदावर छापून पाठवलंय. नऊ म्हणजे नऊ, सगळे वेळेवर या, असंही लिहिलंय.

मी साडेनऊला जाणार आहे. थांबतील.